घाई कोणाची? पहिली-दुसरीच्या वर्गातील सलग वेळेचे एक प्रकरण

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठापासून फार दूर नसलेल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतील एका शैक्षणिक वर्षाची ही नोंद आहे. शाळा पहिली ते चौथीची, पट एक्केचाळीस. तिसरी-चौथी मुख्याध्यापक गुरुजींकडे आणि पहिली-दुसरी माझ्याकडे, अशी वाटणी पूर्वीपासून चालत आलेली आहे. जूनमध्ये माझ्या वर्गात एकोणीस मुले होती. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरल्या, तेव्हा त्यांत पाचांची भर पडली. या पाचांपैकी एका मुलीभोवती हे प्रकरण मुख्यत्वे फिरते. तिचे नाव येथे देणे योग्य नाही. दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन ती शाळेत येत असे, म्हणून तिचा उल्लेख थोरली असा करते.

मांडायचा मुद्दा आधीच सांगते, म्हणजे पुढचे तपशील कशासाठी आहेत ते कळेल. लहान मुलांना वस्तू हाताळायला, तेच ते पुन्हा करून पाहायला, चुकायला आणि काही वेळा नुसते बघत बसायला वेळ मिळत नाही, याचे खापर आपण नेहमी अभ्यासक्रमावर फोडतो. माझ्या वर्गातली घाई अभ्यासक्रमाने आणलेली नव्हती. ती भरलेल्या वहीची होती, घंटेची होती आणि बऱ्याच अंशी माझी स्वतःची होती.

कागदावर वेळ होता

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे, अशी अपेक्षा आहे. साधा भागाकार केला, तर दिवसाला चार तास होतात. आमची शाळा साडेदहा ते पाच भरते. परिपाठ, पोषण आहार आणि दोन्ही सुट्ट्या वजा केल्या तरी चार तासांहून अधिक वेळ उरतो. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलांनी कृती, शोध आणि धुंडाळणी यांतून शिकावे, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत स्तर मानला, ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला शिकण्याच्या केंद्रस्थानी ठेवले, आणि पहिलीत आलेल्या मुलांसाठी पहिले तीन महिने खेळातून शाळेची ओळख करून देणारा विद्या प्रवेश हा कार्यक्रमही त्याआधीच आला होता. ‘वेळ द्या’ असे सांगणारे कागद आमच्या कपाटात भरपूर होते. त्यांवर माझ्या सह्याही होत्या.

मग वेळ जात कुठे होता? जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी पाच दिवस घड्याळ लावून नोंद केली. एका सोमवारच्या पस्तीस मिनिटांच्या तासिकेत वह्या काढणे, पेन्सिलींना टोक करणे, तारीख घालणे आणि समास आखणे यांत अकरा मिनिटे गेली. फळ्यावरचे उतरवून घेण्यात चौदा. वह्या तपासून त्यांवर बरोबरची खूण आणि सही करण्यात सात. मुलांना एखादी गोष्ट हातात घेऊन विचार करण्यासाठी उरली तीन मिनिटे, आणि त्या तीन मिनिटांतही मी बोलत होते. बाकीचे चार दिवस यापेक्षा फार वेगळे निघाले नाहीत. उतरवून काढलेल्या पानाला घरी किंमत असते, तपासणीला आलेल्याला ते दाखवता येते, आणि ते भरले की आपण शिकवले असे शिक्षकालाही वाटते. पंधरा वर्षे मला तसे वाटत आले, हे येथे कबूल केले पाहिजे.

कृतीतून शिकवण्यासाठी नावाजलेल्या, साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधील (शाळांच्या एका गटातील) शाळा पाहायला गेल्या दशकात राज्यभरातून शिक्षक गेले, त्यांत आमच्या केंद्रातलेही होते. परतल्यावर आम्ही सर्वांनी वर्गाच्या फरश्यांवर ऑइलपेंटने चौकटी, गोल, अक्षरे आणि संख्यारेषा रंगवून घेतल्या. रंगकामाला एक शनिवार-रविवार पुरला. त्या चौकटींत मुलांनी किती वेळ रमावे, याचा विचार कोणी केला नाही. पस्तीस मिनिटांनी घंटा झाली की मूल चौकटीतून उठे आणि चटईवर येऊन वही उघडे. तिकडच्या वर्गांतून डोळ्यांना दिसले तेवढे आम्ही उचलून आणले होते.

घंटा आणि पहिले दोन महिने

जुलैपासून गुरुजींच्या संमतीने पहिली-दुसरीच्या सकाळच्या तीन तासिका एकत्र केल्या. परिपाठानंतर अकरापासून बारा-चाळीसपर्यंतची शंभर मिनिटे सलग मोकळी ठेवायची, त्यात फळ्यावरचे काही उतरवायचे नाही, मुलाने वस्तू निवडायची, हवा तितका वेळ तिच्यापाशी बसायचे आणि उठताना ती जागेवर ठेवायची, एवढेच नियम होते. मुलांनी त्याला ‘मोठा तास’ हे नाव दिले.

हा काळ सुरुवातीला फसला, आणि तो का फसला याला महत्त्व आहे. मी उत्साहाच्या भरात चौदा ट्रे मांडले होते: चिंचोके, करवंट्या, खडे, बाटल्यांची झाकणे, माती, दोन भिंगे, वाण्याकडचा जुना तराजू, पाण्याचे घमेले, नरसाळे, खराट्याच्या काड्या, चित्रांची पुस्तके आणि आणखी बरेच काही. मुले एका ट्रेवरून दुसऱ्यावर धावत राहिली. तराजूवरून दररोज भांडण होई आणि घमेल्यातले पाणी पुस्तकांपर्यंत पोहोचे. शिवाय दर पस्तीस मिनिटांनी तिसरी-चौथीसाठी घंटा होई. आमच्याकडे घंटा म्हणजे लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. त्याचा आवाज आला की माझ्या वर्गातली एकोणीस डोकी एकदम वर येत, काही मुले हातातले टाकून सरळ रांगेत उभी राहत. घंटा तुमच्यासाठी नाही, असे मी रोज सांगत होते. अखेर गुरुजींनी सकाळची घंटा बंद केली आणि मनगटावरच्या घड्याळावर काम चालवले; चौदा ट्रे मी सहावर आणले.

दुसरीतला एक हुशार मुलगा या काळात दर पाच-सात मिनिटांनी माझ्याजवळ येऊन “बाई, आता काय करू?” असे विचारी. पहिलीत मीच त्याला ही सवय लावली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पावसामुळे पाच-सहाच मुले आली होती, त्या दिवशी तो व्हरांड्यात गेला आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी उभा राहिला. त्या भिंतीवर २०१९ च्या पुराची मातकट रेघ रंगाचे दोन हात देऊनही अजून दिसते. त्याने आधी स्वतःची उंची रेघेशी लावून पाहिली, मग पहिलीतल्या मुलाची, मग बाक आणून बाकावर उभे राहून. शेवटी काठीने रेघेपर्यंतची उंची मोजून ती काठी वर्गात, अंगणवाडीच्या दारात आणि हातपंपाशी उभी करत तो फिरला. एवढ्यात पाऊण तास गेला आणि त्याने मला काही विचारले नाही. पुराच्या वेळी तो दोन-अडीच वर्षांचा असेल. पाणी कुठपर्यंत आले होते हे घरी त्याने शंभरदा ऐकलेले होते. ते स्वतःच्या अंगाशी लावून पाहायला मात्र त्याला त्या दिवशी सवड मिळाली.

अशा शाळांची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुलाच्या कामात मध्येच खंड पाडू नये, हा मारिया माँटेसरी यांचा आग्रह होता. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी भावनगरला तो आपल्या मातीत रुजवला, आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामातून ताराबाईंनी व पुढे अनुताई वाघ यांनी परदेशी लाकडी साधनांच्या जागी आसपास फुकट मिळणाऱ्या वस्तू आणल्या. माझ्या सहा ट्रेंमधले चिंचोके त्याच वाटेने आलेले आहेत. मात्र त्यांच्या कामातला एक महत्त्वाचा भाग मी विसरले होते. तो मला थोरलीने दाखवला.

थोरली

ऊसतोडीला येणारी कुटुंबे बहुतांशी बीडकडची. साखर कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतो. तेवढे महिने ही माणसे शिवारात कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, आणि गाडी भरायची वेळ पहाटेचीही असू शकते. त्यामुळे धाकट्या भावंडांचे बघणे सहा-सात वर्षांच्या मुलीकडे येते.

थोरली नोव्हेंबरच्या मध्यात पहिलीत दाखल झाली. तिच्या गावाकडच्या शाळेत ती जून ते ऑक्टोबर गेलेली होती. आमच्या वर्गात ती दाराजवळ, भाऊ मांडीवर घेऊन बसली. दोन आठवडे ती काही बोलली नाही. एकदा कोणीतरी तिची पाटी उचलली, तेव्हा “मपली हाय ती,” एवढे म्हणाली आणि वर्गात हशा पिकला, कारण आमच्याकडे ‘माझी’ म्हणतात. त्यानंतर ती पुन्हा गप्प झाली.

गुरुजींचे म्हणणे असे होते की, हिच्या हातात चारच महिने आहेत, तेव्हा मोठा तास वगैरे बाजूला ठेवून हिला अक्षरओळख पक्की करून द्यावी. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. २०२१ च्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, असे लक्ष्य ठरवले आहे. वर्षातला निम्मा काळ शिवारात काढणाऱ्या मुलीला त्यापर्यंत कसे न्यायचे, हा प्रश्न खरा आहे. मी त्यांचे ऐकले. दुपारी वेगळे बसवून आठ दिवस ग, म, भ, न गिरवून घेतले. तिने मान खाली घालून सगळे गिरवले. नवव्या दिवसापासून ती येईनाशी झाली.

माझा तर्क असा झाला की, घाई केल्यामुळे मूल दुरावले. हा तर्क माझ्या एकंदर विचाराला सोयीचा होता आणि तो चुकीचा निघाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोपीवर गेले, तेव्हा तिची आई म्हणाली, “लेकरू दुपारच्याला लई रडतंय मॅडम, तुमच्या शाळंत त्याला निजायला जागा न्हाई. मग ती तरी काय करणार?” अक्षरांचा त्यात संबंध नव्हता. भावाला झोपवायचे असे, आणि मी तिला नेमके त्याच वेळी गिरवायला बसवत होते.

विसरलेला भाग तो हाच. कोसबाडच्या विकासवाडीत ताराबाई आणि अनुताई यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती मुलींच्या कडेवर भावंडे असतात हे पाहून. ज्या मुलीचे हातच मोकळे नाहीत, तिला मोकळा वेळ देऊन काय उपयोग? आमची अंगणवाडी शाळेच्या कुंपणाला लागूनच आहे. दीड वर्षाच्या मुलाला दिवसभर सांभाळणे हे तिथल्या नेहमीच्या कामात बसत नाही, तरी सेविका आणि मदतनीस या दोघींनी अकरा ते एक त्याला ठेवून घेण्याचे कबूल केले. साडीची झोळी मदतनीस ताईंनीच बांधली. पुढे जे काही घडले त्याचे श्रेय माझ्या नियोजनापेक्षा या झोळीला अधिक आहे.

कोऱ्या वह्यांची तक्रार

डिसेंबरमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली, तीत माझ्या वर्गाच्या वह्या फिरवण्यात आल्या. आधीच्या वर्षी या दिवसांत दोनशे पानी वही संपत आलेली असे. यंदा ती तिशीच्या पानावर होती. एक आजोबा म्हणाले, “पोरगं घरी येऊन पाण्यात काय बुडतं न काय तरंगतं ते सांगतंय, ते ऱ्हाऊ द्या. वहीत काय हाय ते दावा की बाई.” रोज सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस गावातून जाते, तिच्यातली मुले रोज दोन पाने गृहपाठ आणतात, ही तुलनाही झाली. मी पायाभूत स्तराच्या आराखड्याचा दाखला दिला. त्याचा कोणावरही परिणाम झाला नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. पालकाला दिवसाअखेर मुलाबद्दल काहीतरी हातात हवे असते आणि तसे मी काहीच दिले नव्हते.

तेव्हापासून दुपारी एक पान लिहायचे ठरले. सकाळी काय केले त्याचे चित्र आणि त्याखाली येईल तसे एक-दोन शब्द किंवा वाक्ये, एवढेच. ही तडजोड मी भीतीपोटी केली. ती सर्वस्वी वाईट ठरली असे मात्र म्हणता येत नाही, कारण स्वतः केलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना पहिलीची मुले अक्षरे मागायला येऊ लागली: ‘तराजू’मधला ‘ज’ कसा काढायचा, ‘घमेलं’ लिहिताना वर टिंब येते का. तरीही एका पालकांनी आपला मुलगा पुढील जूनमध्ये बसच्या शाळेत घातला. त्यांचे समाधान मी करू शकले नाही.

काड्यांच्या मोळ्या

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात थोरली प्रथमच दारापासून उठून ट्रेंपाशी आली आणि तिने खराट्याच्या काड्यांची पेटी घेतली. मी चार हातांवर बसले होते. तिने मुठीत मावतील तेवढ्या काड्या घेतल्या, फरशीवर ठोकून त्यांची बुडे सारखी केली, खिशातून उसाचे एक हिरवे पाते काढून ते खाली अंथरले, त्यावर काड्या ठेवल्या, पात्याची दोन टोके वर आणून दोनदा पिळली आणि पिळाचे टोक अंगठ्याने दाबून आत खोचले. गाठ मारली नाही. मोळी उचलून झटकली. एकही काडी निसटली नाही. पंचवीस मिनिटांत तिने सात मोळ्या बांधल्या, भिंतीशी रचल्या, एक डोक्यावर ठेवून पाहिली आणि मग साऱ्या सोडून पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

त्या पंचवीस मिनिटांत “दहा-दहाचे गठ्ठे कर” हे वाक्य माझ्या जिभेवर निदान पाच वेळा आले. दशक आणि एकक शिकवण्यासाठी याहून चांगली संधी कुठे मिळणार? अमेरिकेतील मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणांचा अभ्यास करून १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्वक होतात. मी तर प्रश्न विचारण्याआधीच उत्तर द्यायला निघाले होते. त्या दिवशी गप्प राहण्यासाठी मी अक्षरशः पदराचे टोक हातात धरून बसले.

तिसऱ्या दिवशी दुसरीतल्या चौघांनी तिच्याकडून पीळ शिकून घेतला. पाचव्या दिवशी भांडण झाले: कोणाची मोळी मोठी? सोडून मोजल्या, तेव्हा एकीत चौदा, दुसरीत अकरा, तिसरीत सतरा काड्या निघाल्या. सगळ्या सारख्या करायच्या ठरल्या. किती काड्यांच्या, यावर मी ‘दहा’ या उत्तराची वाट पाहत होते. पण एका मुलाच्या वडिलांचा एसटी स्टँडसमोर केळ्यांचा गाडा आहे, त्याने ‘डझन’ म्हटले आणि सर्वांनी बारा मान्य केले. मला ते रुचले नाही. पण बोलण्यासारखे काही नव्हते.

पुढचे तीन दिवस मोळ्या बाराच्याच होत राहिल्या. एका सकाळी चार मोळ्या आणि तीन सुट्या काड्या उरल्या, तेव्हा केळेवाल्याच्या मुलाने पाटीवर ४३ लिहिले. दुसरीतल्या एका मुलीने सगळ्या काड्या एकेक करून मोजल्या, तर त्या एक्कावन्न भरल्या. दोघांनी तीनदा मोजले. मग दोघे माझ्याकडे आले आणि मुलीने विचारले, “बाई, मोजलेलं चुकतंय का लिहिलेलं चुकतंय?” पंधरा वर्षांत मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटले, मलाही बघू दे, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. याहून अधिक काही केले नाही. त्यांनी मोळी लहान करून पाहिली. पाचाची केली, तेव्हा लिहिलेले आणि मोजलेले आणखीच जुळेना. आठची केली. एकूण नवव्या दिवशी त्या मुलीने दहाच्या मोळ्या बांधल्या, पाच मोळ्या आणि एक सुटी काडी मांडली, ५१ लिहिले, मोजले, आणि म्हणाली, “दहाची बांधली की खोटं निघत नाही.”

आधीच्या वर्षापर्यंत हा घटक मी दोन तासिकांत उरकत असे आणि मुले चाचणीत ‘५ दशक १ एकक’ बरोबर लिहीत. त्यामुळे नऊ दिवस लागले हा तोटा की फायदा, हे केवळ चाचणीच्या गुणांवरून ठरणार नाही. शोध थोरलीचा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. ती या साऱ्या वादात मोळ्या बांधून देत होती आणि कोणाचा पीळ सैल झाला तर तो सोडून पुन्हा घालत होती. मात्र त्याच आठवड्यात ती दहा-दहाने मोजू लागली, आणि वर्गातली पाच-सहा मुले आपल्या मोळीला ‘मपली मोळी’ म्हणू लागली. त्या वेळी कोणी हसले नाही.

हळदीपाशी झालेली चूक

एवढे झाल्यावर मी सावध झाले असेन, असे वाटेल. फेब्रुवारीत गावात हळदीची काढणी आणि शिजवणी चालू होती, मुले घरी मदत करून हात पिवळे घेऊन येत. पोषण आहाराआधी नळावर साबणाने हात धुताना एका मुलाच्या तळव्यावरचा पिवळा रंग लालसर झाला आणि भरपूर पाणी ओतल्यावर पुन्हा पिवळा झाला. पाच मिनिटांत नळाभोवती सारा वर्ग जमा. दुसऱ्या दिवशी एकजण आजोबांच्या चंचीतला चुना घेऊन आला, दुसरा लिंबू, तिसरीने घरातून हळकुंडाची पूड आणली. चुन्याने पूड कुंकवासारखी लाल झाली. लिंबू पिळण्याआधीच मी पुढे झाले आणि सगळे समजावून सांगितले: चुना आणि साबण अल्कधर्मी असतात, लिंबू आम्ल, हळदीतला रंग दोन्हींना वेगवेगळा प्रतिसाद देतो, आता बघा लिंबाने पुन्हा पिवळे होईल. झालेही. मुलांनी ‘हो बाई’ म्हटले. तिसऱ्या दिवशी चुन्याची पुडी ट्रेमध्ये तशीच पडून होती. कोणी तिला हात लावला नाही, कारण शोधण्यासारखे मी काही शिल्लकच ठेवले नव्हते.

माझी माहिती चुकीची नव्हती, ती दोन-तीन दिवस लवकर आली. राखेने काय होते, चिंचेच्या कोळाने काय होते, गणवेशावरचा खिचडीचा डाग धुताना लाल का होतो, हे त्यांनी आधी पाहिले असते, तर त्या माहितीला धरायला काही जागा असती. सलग वेळ देणाऱ्या शिक्षकाने केव्हा बोलावे याचा नेम मला अजून सापडलेला नाही. भांडण, इजा आणि मुलाने स्वतः विचारलेला प्रश्न या तीन वेळी बोलावे, एवढेच मी सध्या पाळते.

मार्च

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मुलांचे वाचन आणि संख्याज्ञान तपासले गेले. दुसरीच्या मुलांचे निकाल आधीच्या वर्षाइतकेच आले. एवढ्या लहान वर्गावरून काही निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. फरक दिसला तो वाचताना अडल्यावर. मुले माझ्या तोंडाकडे न पाहता शब्दाकडेच पाहत राहत, आणि तपासणाऱ्यांना ते वेळखाऊ वाटले. थोरलीने दोन अक्षरी शब्द वाचले, उतारा वाचला नाही. कागदावरच्या ३६ या संख्येपुढे ती गप्प राहिली. काड्या दिल्या असत्या तर तिने तीन मोळ्या आणि सहा सुट्या झटकन मांडल्या असत्या, पण त्या तपासणीत काड्यांची सोय नव्हती. तिच्या नावापुढे सुरुवातीच्या स्तराची नोंद झाली. ती नोंद खोटी नाही.

गुरुजींचे मत आजही असे आहे की, रोज अर्धा तास अक्षरांना दिला असता तर ती उतारा वाचून गेली असती. त्यांचे म्हणणे मी खोडू शकत नाही. जानेवारीनंतर, भाऊ झोळीत असताना, तो अर्धा तास दुपारऐवजी सकाळीच काढता आला असता. मोठा तास मोडायचा नाही या हट्टापायी मी तो काढला नाही.

स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत दाखल करताना अडचण येऊ नये, म्हणून शिक्षण हमी पत्रक दिले जाते. थोरलीचे पत्रक मी मार्चअखेरीस भरले. शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा होती. तीत लिहिले: ‘दहा-दहाने मोजते, काड्या द्याव्यात. विचारल्यावर थांबल्यास उत्तर देते. आधी धाकट्या भावाची सोय पाहावी.’ टोळी रात्रीतच निघाली, त्यामुळे पत्रक हातात देता आले नाही. सकाळी गुरुजींनी त्याचा फोटो मुकादमाच्या फोनवर पाठवला.